पायाखालचा खटका

मासे पकडणाऱ्या माणसाच्या फोटोत पाय कधीच नसतात. दोन्ही हातांत आडवा धरलेला मासा असतो, तो मूळच्यापेक्षा दीडपट दिसावा म्हणून हात कॅमेऱ्याच्या दिशेने ताणलेले असतात, माशाच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य असतं आणि माणसाच्या चेहऱ्यावर न जमलेला विनय. चौकट मात्र कमरेशी संपते. उन्हाळे मुलीकडे, मिनेसोटात काढायला लागल्यापासून असे फोटो मी पुष्कळ पाहिले. न्हाव्याच्या दुकानात, दातांच्या डॉक्टरांकडे, टायर बदलायच्या गॅरेजमध्ये, जिथे जिथे माणसाला खुर्चीत बसून वाट पाहावी लागते तिथे तिथे भिंतीवर कुणीतरी मासा धरून उभा असतो. या राज्याच्या मोटारींच्या नंबरपाटीवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांपेक्षा मोठी तळीच 11,842 भरतात. पाण्याच्या बाबतीत कमी सांगणारी माणसं माशाच्या बाबतीत इतकी सढळ कशी होतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. पण त्याहून मोठं कोडं पायांचं आहे. त्या फोटोतला मासा ज्याच्या चाकरीमुळे हाती लागला तो पाय चौकटीबाहेर राहतो, आणि कुणाला त्याची खंतही वाटत नाही.

ही चाकरी काय असते ते काठावरून पाहिलं तर चटकन कळत नाही. लव्हाळ्याच्या कडेकडेने एक होडी हळूहळू सरकत असते. तिच्या नाळेवर एक गृहस्थ उभे असतात, दोन्ही हातांत गळाची काठी, नजर पाण्यावर. वल्हं नाही, शीड नाही, इंजिनाचा आवाज नाही. होडी आपल्या मनाने थांबते, वळते, पुन्हा चार हात पुढे जाते. जणू तिलाच कुठलीशी वस्तू हरवल्याची आठवण झाली आहे आणि गृहस्थ केवळ सोबत म्हणून उभे आहेत. मग जवळ गेल्यावर त्यांच्या पायाकडे लक्ष जातं. पायाखाली चपलेपेक्षा थोडं मोठं एक पेडल असतं. चवडा दाबला की होडी उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे. पेडलमधून निघालेल्या दोन पोलादी केबली नाळेवरच्या उभ्या दांड्यापर्यंत जातात आणि तो दांडा फिरवतात. दांड्याच्या खालच्या टोकाला, पाण्यात, विजेवर चालणारी छोटी मोटर आणि तिचा पंखा. पेडलच्या कडेला एक खटका असतो, तो दाबला की पंखा फिरतो. मागे लावलेलं पेट्रोलचं मोठं इंजिन माशांच्या वस्तीपर्यंत गर्जत आणून सोडतं आणि गप्प होतं. तिथून पुढे या पाऊलभर यंत्राचं राज्य. चोरपावलांनी जायचं असेल तर पाऊलच हवं, इतका साधा हिशोब.

विजेवर होडी चालवण्याचं वेड तसं जुनं. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच माणसाने 1881 मध्ये पॅरिसच्या सीन नदीत होडीच्या सुकाणूवर विजेची मोटर बसवून फेरफटका मारला होता. मासेमारांच्या वाट्याला मात्र ती 1934 मध्ये आली. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट नावाच्या गृहस्थांनी फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीची स्टार्टर मोटर काढली, तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला आणि ती पाण्यात सोडली. गाव मिनेसोटाच्या सीमेला टेकलेलं, म्हणून दोन्ही राज्यांच्या नावांचे तुकडे सांधून त्यांनी कंपनीचं नाव ‘मिन कोटा’ ठेवलं. मंदीचा तो काळ. कुणी काय विकावं आणि कुणी काय घ्यावं याची भ्रांत असताना एक माणूस मोटारीचं काळीज काढून माशांच्या मागे लावतो, यातला निवांतपणा मला फार आवडतो. आणि गंमत अशी की मॉडेल-ए मोटार सुरू करायची तर स्टार्टरचा खटका पायानेच दाबावा लागे. म्हणजे ती मोटर जमिनीवर होती तेव्हाही पायाच्याच हुकमातली होती. पाण्यात आल्यावर पुढे कधीतरी पाय तिला शोधत मागोमाग आला, एवढंच.

पुढे रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या विमाविक्रेत्याने 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर बास माशांची मोठी स्पर्धा भरवली, आणि मासेमारीला खेळाडूंचे टी-शर्ट, बक्षिसं आणि चकाकत्या होड्या मिळाल्या. काही वर्षांनी त्यानेच पकडलेला मासा जिवंत परत सोडण्याची रीत रूढ केली. हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरायची थांबली. ती मालवणची. माशाकडे पाहण्याचा तिचा दृष्टिकोन वाटपापासून सुरू होतो. “मासे धरून परत पाण्यात सोडतत? मगे धरतत कित्याक?” तिने विचारलं, आणि थोडं थांबून म्हणाली, “त्या माशाक तरी काय वाटत असतला!” या प्रश्नाला अमेरिकेतल्या कुठल्याही स्पर्धेच्या नियमपुस्तकात उत्तर नसावं.

आमच्या समोरच्या घरात राहणारे शेजारबुवा या परत सोडणाऱ्या पंथातले. वय माझ्याएवढंच, उंची माझ्या दीडपट, बोलणं निम्म्याने. मे महिन्यात इथे मासेमारीचा हंगाम उघडतो तो पुष्कळदा मातृदिनाच्या शनिवार-रविवारीच येतो, आणि त्या दिवशी घराघरांतून जे मौन पसरतं ते शेजारबुवांच्या घरातही पसरतं. आयुष्यभर त्यांनी मालगाड्यांची इंजिनं चालवली. ते एकदा सांगत होते, जुन्या डिझेल इंजिनात चालकाच्या पायाखाली एक पेडल असे. ते दाबून धरायचं. पाय उचलला की थोड्याच वेळात ब्रेक लागून गाडी थांबणार. चालक झोपला, बेशुद्ध पडला, देवाघरी गेला, तर मागच्या शंभर डब्यांनी त्याच्यामागे फरफटत जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. आपल्या मुंबईच्या लोकलमध्येही मोटरमनच्या हाताखाली अशीच व्यवस्था असते, हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दोन देशांमध्ये मरणाच्या बाबतीत एकवाक्यता आहे हे पाहून त्यांना बरं वाटलं असावं.

तर त्यांच्या होडीच्या पेडलला दोन रीती होत्या. एक छोटं बटण एका बाजूला सरकवलं की मोटर आपली आपण चालत राही, पाय असो वा नसो. दुसऱ्या बाजूला सरकवलं की खटका दाबलेला असेल तेवढाच वेळ पंखा फिरे. बहुतेक लोक वारा असला की पहिली रीत वापरतात. पायाला विसावा मिळतो. शेजारबुवांनी ती कधी वापरली नाही. पाय नसताना चालणारं यंत्र हे त्यांच्या लेखी यंत्रच नव्हतं, तो एक येऊ घातलेला अपघात होता. त्यामुळे वर्षानुवर्षं तो इवलासा खटका त्यांच्या चवड्याखाली दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला, आणि एका उन्हाळ्यात त्याने अंग टाकलं.

बिघाडसुद्धा सरळ मार्गाने आला नाही. खटका दाबला की कधी काहीच होत नसे आणि कधी दोन क्षण विचार करून होडी एकदम झेप घेई. वळायचं म्हटलं तर वळे, कारण केबली शाबूत होत्या. पण वळून जायचं कुठे हा निर्णय मात्र ती राखून ठेवी. एक दिवस मीही सोबत होतो. शेजारबुवा गळ टाकून उभे, पाय खटक्यावर, आणि होडी जागच्या जागी गोल फिरते आहे. तळ्याकाठच्या बदकांनी आम्हाला एकदा पूर्वेकडून पाहिलं, मग पश्चिमेकडून. शेजारबुवांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्यांनी पाय उचलून पेडलकडे पाहिलं. वर्षानुवर्षं वेळेवर येणारा कारकून आज हजेरीपटावर सही न करता खिडकीबाहेर बघत बसला आहे, असं काहीसं त्या नजरेत होतं.

अशा वेळी मला आमच्याकडच्या दशावतारातली पायपेटी आठवते. सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्र चढत जाते, देवळासमोर राजे गदा आपटतात, संवाद ऐनवेळी सुचतील तसे रंगत जातात, आणि बाजूला पायपेटीवाले बुवा दोन्ही हातांनी सूर धरून बसलेले असतात. लोकांना दिसतात ती त्यांची बोटं. खाली धोतराच्या सोग्याआड दोन पाय आळीपाळीने भाता चालवत असतात, त्यांच्याकडे बघतं कोण? लहानपणी एका जत्रेत मी मांडवाच्या कडेला, अगदी जमिनीलगत बसलो होतो, त्यामुळे मला रात्रभर राजा कमी आणि बुवांचे पाय जास्त दिसले. ऐन युद्धात भात्याचा पट्टा तुटला. सूर खचला, राजाचं पद हवेत लोंबकळलं, मृदंगवाल्याने दोन आवर्तनं एकट्याने ओढली. बुवांनी तेवढ्यात खाली वाकून कमरेचा करगोटा की कसलीशी दोरी काढली, पट्ट्याला बांधली आणि सूर पुन्हा उभा राहिला. टाळ्या राजाला पडल्या. मला मात्र त्या रात्री कळलं की वरचा थाट खालच्या एखाद्या पट्ट्यावर टांगलेला असतो, आणि तो पट्टा तुटेपर्यंत आपण त्याला मोजत नाही.

जावई आमचे व्यवहारी. त्यांनी रस्ता ओलांडून जाऊन शेजारबुवांना सल्ला दिला, की आता जुन्या पेडलच्या नादी लागू नये. नव्या मोटरी उपग्रहाशी बोलतात. बटण दाबलं की नांगर न टाकता होडी वाऱ्यातही एका जागी धरून ठेवतात. पेडलला वायर नाही, केबल नाही, मनात आलं तर पेडलही नाही. गळ्यात अडकवलेल्या एवढ्याशा रिमोटवर सगळं चालतं. शेजारबुवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पायाने काय करायचं?” जावयांनी घरी येऊन हा प्रश्न मला सांगितला तो विनोद म्हणून. मला तो तसा वाटला नाही. साखरेच्या आजाराने शेजारबुवांच्या पायाची जाण हळूहळू उणावत चालली आहे हे मला ठाऊक होतं. होडीवर ते बूट काढून अनवाणी उभे राहतात, कारण बुटातून त्यांना खटका कळत नाही. डॉक्टर त्यांच्या तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून विचारतात, जाणवलं का? तळ्यावर खटका तोच प्रश्न विचारत होता. त्याच्या ‘टक्’मधून त्यांना पाय अजून आपला असल्याची पावती मिळत असणार.

मग एका संध्याकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये पेडल उघडायचं ठरलं. आधी बॅटरीची जोडणी काढली. बारा व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतात, पण मोटरीच्या तारांतून वाहणारा प्रवाह चांगला दणकट असतो. पेडल जमिनीवर ठेवलं होतं. येरझारीत माझा पाय त्याला लागला आणि सवयीने माझा हात पेडलकडे आणि तिथून छातीकडे गेला. शेजारबुवांनी हे पाहिलं. काय केलंत, म्हणून विचारलं. वस्तूला पाय लागला तर आम्ही तिची क्षमा मागतो, असं मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. “पण ही वस्तू पाय लागावा म्हणूनच केलेली आहे,” ते म्हणाले. त्यावर आमच्या कुठल्याच आजीने काही सांगून ठेवलेलं नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून असा निवाडा केला, की कामावर असताना पाय चालेल, सुट्टीवर असताना नाही.

स्क्रू काढून तळाची पाटी उचलली तर आत एक अख्खं तळं वाळून बसलेलं. शेवाळाचे पापुद्रे, बारीक रेती, नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि एका कोळ्याचं जुनं घर. मल्टिमीटरच्या दोन सुया खटक्याच्या दोन टोकांना लावल्या. खटका दाबला की मीटरने ‘पीं’ करायला हवं, ते गप्प. पुन्हा जोरात दाबला, तर क्षणभर कुरकुरलं. म्हणजे मोटर निर्दोष, बॅटरी निर्दोष, केबली निर्दोष. सगळ्या संसाराची अडवणूक नखाएवढ्या पितळी पट्टीने केली होती. ती कळकली होती, हिरवी पडली होती. काही साध्या बनावटींत मोटरीचा पुरा प्रवाह पायाखालच्या खटक्यातूनच जातो. दर वेळी जोड जुळताना आणि सुटताना बारीकशी ठिणगी पडते, धातू जळतो, त्यात पाणी शिरतं, आणि मग हा हिरवा मुलामा. शेजारबुवांनी भिंग लावून पट्टी पाहिली. मालगाडीच्या चालकाने आयुष्यात पाहिलेल्या बिघाडांमध्ये हा बहुधा सर्वांत लहान असावा. “हिला दोष देता येणार नाही,” ते म्हणाले. “हिने माझ्याइतकंच काम केलंय.”

दुरुस्ती आणि बदल यांच्यामधली सीमा कुठे असते, हा प्रश्न वाटतो तितका यंत्रांपुरता नाही. बाजाराचं उत्तर सोपं: पेडल पूर्ण बदला, किंमत शंभरांच्या घरात. नुसता खटका काही डॉलरांत मिळतो, पण तो मागवणारा माणूस दुकानदाराला जरा संशयास्पद वाटतो, कारण तो अर्धा तास बोलतो आणि चहाएवढ्या पैशांची वस्तू घेऊन जातो. तरी सगळंच दुरुस्त करावं असंही नाही. सुकाणूच्या पोलादी केबलचे तंतू उसवायला लागले तर तिला गाठ मारून, चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही. ती भर तळ्यात, वाऱ्यात, खडकाजवळच तुटायची. तिथे माया कामाची नाही, केबल नवीच घ्यायची. पण खटका, वायरचा मोडलेला जोड, दमलेली स्प्रिंग ही दुरुस्तीच्या हद्दीतली मंडळी. आम्ही जुन्या जोडाच्या वायरी कापल्या, नवा खटका बसवला, सांधे सोल्डर केले, वर रबरी नळी तापवून घट्ट आवळली, पाणी शिरू नये म्हणून ग्रीस लावलं. शेवाळ झाडून काढलं. कोळ्याचं घर शेजारबुवांनी काडीवर उचलून गॅरेजच्या खिडकीत ठेवलं. घरमालक परत येण्याची शक्यता नव्हती, पण त्यांचा नियम पकडलेलं परत सोडण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर त्यांनी अनवाणी पाय पेडलवर ठेवला आणि खटका दाबला. होडी निघाली. पाय उचलला, थांबली. त्यांनी हे पुन्हा पुन्हा केलं, गळाची काठी हातात न घेताच. मला वाटतं सगळ्या यंत्रांत दोन घराणी आहेत. एकदा सुरू करून दिलं की आपल्याला विसरणारी, आणि आपण जवळ उभे आहोत तोवरच चालणारी. पहिल्या घराण्याने जग सोपं केलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. फ्रिज रात्रभर माझ्या पायावाचून चालतो म्हणून सकाळी दूध मिळतं. पण दुसऱ्या घराण्यातली यंत्रं आपली गरज लागते हे रोज सांगत राहतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असं सांगणारं जगात फारसं कुणी उरलेलं नसतं. शेजारबुवांनी खटक्यासाठी इतकी खटपट का केली याचं उत्तर माझ्यापुरतं एवढंच आहे. जावयांना ते पटलेलं नाही, आणि वयाच्या चाळिशीत ते पटूही नये.

तेव्हा तुमच्या होडीचं पेडल असं रुसलं (होडी नसली तरी घरात पायाखालचं काही ना काही रुसतंच), तर आधी बॅटरी सोडवा, पंख्यात दोरा अडकलाय का पाहा, मग तळाचे स्क्रू काढून खटका तपासा. केबल उसवली असेल तर विचार न करता बदला. खटका कळकला असेल तर तेवढाच बदला. आणि पुढच्या वेळी मासा धरून फोटो काढाल तेव्हा फोटो काढणाऱ्याला दोन पावलं मागे सरकायला सांगा. पाय चौकटीत येऊ द्या.